शांत स्वभावाची पत्नी

बायको जाऊन आठ महिने झाले होते, तरी मिस्त्रींच्या घरात चहा तीच टाकायची. म्हणजे टाकायला तिला सांगितलं जायचं. "अगं, चहा टाक," असं मिस्त्री बाहेरच्या खोलीतून ओरडायचे, दोन मिनिटं वाट बघायचे, मग "राहू दे, मीच टाकतो," म्हणत काठी घेऊन उठायचे. ती होती तेव्हाही साधारण असंच चालायचं. फक्त तेव्हा मधली दोन मिनिटं भांडणात जायची.

मिस्त्री हे काही त्यांचं नाव नव्हे. एकतीस वर्षं त्यांनी लिफ्टची देखभाल केली, त्यामुळे शेजारीपाजारी, दुकानदार, एवढंच काय सख्खा मेहुणाही त्यांना मिस्त्रीच म्हणायचा. आता निवृत्त होऊन घरी बसले होते. अंगात साखर, गुडघ्यात लोखंडी सळई आणि डाव्या टाचेला मागच्या बाजूने एक जखम, जी भरता भरत नव्हती. गुडघा वाकत नाही आणि टाच दिसत नाही, अशी ती अडचण होती. जखम पहिल्यांदा बायकोलाच दिसली होती. "पायाला काय लावून घेतलंय?" ती म्हणाली होती. "काही नाही," मिस्त्री म्हणाले होते. चार महिन्यांनी ती स्वतःच आजारी पडली आणि टाच बघणारं घरात कुणी उरलं नाही.

म्हणून आठवड्यातून तीनदा सिस्टर यायच्या. सरकारी दवाखान्याच्या घरभेट विभागातल्या. तिशीच्या, चटपटीत, पायांत बूट आणि तोंडात कायम अर्धं वाक्य. तीन महिन्यांपूर्वी एक दिवस त्या आल्या तेव्हा त्यांच्या खिशाला काडेपेटीएवढी एक डबी लावलेली होती. तिच्यावर हिरवा दिवा.

"काका, हे नवीन आलंय. आपण बोलतो ते ऐकतं आणि माझी नोंद लिहून काढतं. माझे लिहायचे कष्ट वाचतात. चालेल ना तुम्हाला?"

"मी बोलतो ते लिहिण्यासारखं नसतं. पण चालेल."

"तुमची परवानगी नोंदवते हं."

"हिची पण विचारा," मिस्त्रींनी स्वयंपाकघराकडे मान केली.

सिस्टर हसल्या. त्यांना माहीत होतं. पहिल्याच भेटीनंतर मिस्त्रींच्या लेकीने फोन करून सांगितलं होतं, की बाबा आईशी बोलतात, घाबरू नका, बाकी डोकं शाबूत आहे.

मिस्त्रींनी त्या डबीचं नाव चोंबडी ठेवलं. चोंबडी ऐकत राहिली. सिस्टरना पट्टी करताना बोलत राहायची सवय होती, "आता बघा, आधी धुवायचं, मग कोरडं, मग अशी खालून वर गुंडाळायची," आणि मिस्त्रींना मध्ये मध्ये तोंड घालायची. एकदा ते म्हणाले, "बघितलंस ना गं नीट? उद्यापासून तूच बदलत जा. सिस्टरना चौदा घरं आहेत, त्यांना कशाला त्रास?" मग जरा थांबून, "बघा सिस्टर, काही बोलत नाही. म्हणजे कबूल आहे."

सिस्टर पुन्हा हसल्या. गंमत चोंबडीने लिहून घेतली. हसू काही तिला लिहिता आलं नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. मिस्त्रींनी चष्मा लावला, खुर्चीत बसले आणि मोठ्याने वाचायला लागले, कारण या घरात आलेलं पत्र दोघांसाठी असे.

"रुग्णाच्या घरी पत्नी असून ती सक्षम आहे. चहापाणी पाहते. पट्टी बदलण्याची पद्धत तिला दाखवण्यात आली असून तिने ही जबाबदारी मान्य केली आहे. स्वभाव शांत. पतीच्या बोलण्यास विरोध करत नाही. सबब परिचारिकेच्या भेटी आठवड्यातून तीनऐवजी महिन्यातून एक करण्यात येत आहेत."

त्यांनी पत्र खाली ठेवलं.

"ऐकलंस का? शांत स्वभाव."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

"एकोणचाळीस वर्षांचा संसार. या एका वाक्यावरून त्यांना कळायला हवं होतं, की ही बाई हयात असूच शकत नाही."

हे बोलून ते स्वतःच दचकले. 'गेली' हा शब्द त्यांनी आजवर तोंडातून काढला नव्हता. दवाखान्यातून निघाल्यापासून जे फोन करायचे, ज्या कागदांवर लिहायचं, ते सगळं लेकीने केलं होतं. कुणी विचारलं तर मिस्त्री म्हणायचे, "ती नाहीये घरात." यात खोटं काही नव्हतं.

तीन दिवस त्यांनी स्वतःच पट्टी करून पाहिली. बायकोचा हातआरसा स्टुलाला टेकवला, त्यात टाच धरली आणि चिमट्याने पट्टी सरकवायला गेले. आरशात सगळं उलटं दिसतं. ते हात डावीकडे नेत आणि चिमटा उजवीकडे जाई. शेवटी औषध लादीला लागलं, पट्टी स्टुलाच्या पायाला गुंडाळली गेली आणि टाच होती तशीच राहिली. स्टूल मात्र लवकर बरं झालं असतं.

मग त्यांनी विभागाला फोन लावला. पलीकडे बाईचा आवाज होता. गोड, घाई नसलेला. असा आवाज सरकारी फोनवर लागला की समजावं, पलीकडे माणूस नाही.

"नमस्कार. मी घरभेट विभागाची सहायक बोलते आहे. मी यंत्र आहे. मी आपली काय मदत करू?"

"यंत्र असून सांगतेस, चांगली गोष्ट आहे. माझ्या भेटी कमी केल्यात, त्या परत चालू कर."

"आपल्या नोंदीनुसार पट्टी बदलण्याची जबाबदारी आपल्या पत्नीने घेतली आहे. त्यात बदल करायचा असल्यास त्यांनी स्वतः सांगणं आवश्यक आहे. कृपया फोन पत्नीकडे द्या."

"मलाही तेच हवंय," मिस्त्री म्हणाले.

"धन्यवाद. मी थांबते."

आणि ती खरंच थांबली. मिस्त्रींना काय करावं ते कळेना. त्यांनी फोन कानापासून काढला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे धरला. हात दुखेपर्यंत धरला. नळ ठिबकला. खालून कुणीतरी लिफ्ट बोलावली आणि ती घरघरत गेली. मग फोनमधून बारीक आवाज आला, "आपली नोंद झाली आहे. पत्नीने हरकत घेतलेली नाही. आपला दिवस चांगला जावो."

"तुझ्याइतकी मवाळ बाई मी पाहिली नाही," मिस्त्री स्वयंपाकघराला म्हणाले.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी, तिच्या नोकरीच्या रगाड्यात.

"बाबा, सरळ सांगा ना त्यांना, आई गेली म्हणून."

"तूच सांग. तुला जमतं."

"मी दुपारीच केला होता फोन. ते म्हणतात रुग्णाने स्वतः सांगायला हवं. फोनवर कुणीही मुलगी म्हणून बोलेल."

"बरोबर आहे त्यांचं. मलाही कधी कधी शंका येते."

"बाबा."

"बघतो गं. जातो."

जायचं म्हणाले, पण गेले नाहीत, कारण शेजारच्या मास्तरांनी मध्ये मोडता घातला. हे मास्तर निवृत्त झाल्यापासून सगळ्या इमारतीला वर्ग समजत असत. "मिस्त्री, जपून," ते दारात उभं राहून म्हणाले. "बायको नाही म्हणालात, तर ते विचारणार, मग तुम्ही बोलत कुणाशी होता? एकदा का कागदावर आलं की म्हातारा मेलेल्या माणसाशी बोलतो, की पायाची पट्टी राहिली बाजूला, डोक्याची करतील. उचलून टाकतील एखाद्या आश्रमात."

"तुम्ही एकटेच वर्तमानपत्राशी भांडता, तुम्हाला नाही कुणी उचललं."

"माझ्या घरात चोंबडी कुठं आहे?" मास्तर म्हणाले, आणि हे मात्र खरं होतं.

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. गप्प बसावं तर पाय जातो, बोलावं तर घर जातं. आणि बोलायचा तो शब्द तर जिभेवर येत नव्हता, हे त्यांनी मास्तरांना सांगितलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी टाचेला वास यायला लागला. मिस्त्रींनी इस्त्रीचा सदरा घातला, सैल चप्पल घातली आणि काठी घेऊन घरभेट विभाग गाठला.

विभाग म्हणजे दवाखान्याच्या मागच्या बाजूची एक लांब खोली. भिंतीला पोपटी रंग, चार टेबलं, पाण्याचं पिंप आणि एका काचेमागे मॅडम. मॅडम विभागाच्या प्रमुख. पन्नाशीच्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि बोलणं असं की माणसाला वाटावं आपणच यांचा वेळ खातोय. मिस्त्री समोर बसले आणि पाय पुढच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला.

"काका, पाय खाली—" मॅडम म्हणाल्या आणि त्यांना वास आला. त्या उठल्या, स्वतः वाकून पाहिलं आणि बाहेर हाक मारून सिस्टरना बोलावून घेतलं. तिथेच, त्या खुर्चीवर, सिस्टरनी जखम धुतली. आज त्यांच्या तोंडात अर्धं वाक्यही नव्हतं.

"तुम्हीच का नाही आलात हो?" मिस्त्रींनी विचारलं.

"यादीत तुमचं नावच नव्हतं काका. मला वाटलं जखम भरली म्हणून काढलं."

"जखम कुणी काढली नाही. मला काढलं."

मॅडमनी पडद्यावर नोंद उघडली, वाचली आणि पडदा मिस्त्रींकडे वळवला. "यंत्र फक्त मसुदा लिहितं. माणसाने तो वाचायचा, चुका दुरुस्त करायच्या आणि मग सही. नियम पहिल्या दिवसापासून तोच आहे. यावर सही आहे." त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. "तुमची."

पडद्यावर त्या दिवसाच्या सगळ्या सह्या दिसत होत्या. चौदा घरं, चौदा सह्या, आणि सगळ्यांपुढे वेळ एकच. पाच वाजून बावन्न मिनिटं.

सिस्टर पट्टीची गाठ मारत राहिल्या. दोनदा मारली.

मिस्त्री त्या आकड्याकडे बघत राहिले. त्यांना राग यायला हवा होता. त्यासाठीच तर इस्त्रीचा सदरा घातला होता. पण त्यांना आठवलं वेगळंच.

प्रत्येक लिफ्टमध्ये एक कार्ड लावलेलं असतं. महिन्यातून एकदा मिस्त्रीने गच्चीवरच्या खोलीत चढायचं, ब्रेक तपासायचा, दोर तपासायचा आणि खाली येऊन कार्डावर सही करायची. एका महिन्यात त्यांच्याकडे बावीस इमारती होत्या. बाविसावीला ते वर चढलेच नाहीत. खालूनच सही केली आणि घरी आले. उंटावरून शेळ्या. घरी येऊन मोठ्या ऐटीत बायकोला सांगितलं, आज लवकर आलो ते का. तिने हातातलं काम थांबवलं आणि विचारलं, "त्या लिफ्टमधून मी जाऊ?" मिस्त्री हात धुवायला वळले. "मी विचारतेय, जाऊ का मी?" जेवण तसंच ठेवून ते परत गेले, नऊ मजले चढले. ब्रेक ठणठणीत होता. परत येऊन तसं सांगितलं, तर ही शांत स्वभावाची बाई म्हणाली, "आता ठणठणीत आहे. मघाशी नव्हता. मघाशी नुसती सही होती."

"मॅडम," मिस्त्री म्हणाले, "ही डबी येण्याआधी सिस्टरकडे घरं किती होती?"

"नऊ."

"आता चौदा."

"लिहिण्याचा वेळ वाचतो ना. बाहेर केवढी यादी थांबलीय, काका. त्या लोकांनाही जखमा आहेत."

"असतील. पण लिहिण्याचा वाचला, आणि वाचण्याचा कुणी दिला? तो तुम्ही मध्येच खाल्लात. नऊ घरांचं सिस्टर लिहायच्या, तेव्हा लिहिता लिहिता वाचलं जायचं. आता चौदा घरांचं दुसऱ्याने लिहिलेलं वाचायला त्यांच्याकडे पाच बावन्नचं ते एक मिनिट आहे. त्या वर चढणार कधी?"

"वर कुठे?"

मिस्त्रींनी कार्डाची गोष्ट सांगितली. आपल्या सहीसकट. सिस्टर खाली बसूनच ऐकत होत्या. मॅडमनी मध्ये दोनदा फोन वाजू दिला.

"यंत्राने खोटं एक अक्षर लिहिलं नाही," मिस्त्री म्हणाले. "मी बोललो तेच लिहिलं. चूक शोधायची तर आधी माझ्या तोंडात शोधा. पण सिस्टरनी एकदा वाचलं असतं तर त्या हसल्या असत्या आणि खोडलं असतं. त्यांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?" मॅडमनी विचारलं.

मिस्त्री सदऱ्याचं बटण चाचपत राहिले.

मॅडमनी पडद्यावर एक चौकट उघडली. पत्नी, आणि त्यापुढे निवडायला चार शब्द. त्यांचं बोट तिथे थांबलं. "काका, मी समजले. पण मला तुमच्या तोंडून ऐकावं लागेल. नाहीतर मीही न तपासताच सही केल्यासारखं होईल. आत्ताच तुम्ही मला जे सांगितलंत, त्यावरूनच म्हणते."

स्वतःच्याच हाताने स्वतःच्या पायावर कुऱ्हाड. मिस्त्रींनी काठी या हातातून त्या हातात घेतली. पोपटी भिंतीकडे पाहिलं. इतका घाणेरडा रंग तिने एका मिनिटात बदलायला लावला असता, हे त्यांच्या मनात आलं, आणि त्या विचाराचा शेवटच त्यांच्या तोंडून बाहेर पडला.

"ती गेली. आठ महिने झाले."

सिस्टरनी त्यांच्या पायावरचा हात काढला नाही. मॅडमनी बोट खाली दाबलं. तेवढंच झालं. छत पडलं नाही.

मग मॅडम म्हणाल्या, "हे विचारावं लागतं म्हणून विचारते. तुम्हाला त्या दिसतात? आवाज येतो?"

"दिसली असती तर चहा मी केला असता का?"

मॅडमनी काही लिहिलं नाही. हनुवटी तळहातावर टेकवली आणि बराच वेळ हसत राहिल्या, वर्तुळांसकट. मग म्हणाल्या, त्यांच्या सासूबाई देवाला रोज शिव्या घालतात आणि त्यांनाही कुणी भ्रमिष्ट म्हणत नाही.

मिस्त्रींच्या भेटी दुसऱ्या दिवसापासून चालू झाल्या. चोंबडी काढून टाका असं मिस्त्री म्हणाले नव्हते. लिफ्ट पडते म्हणून कुणी जिने चढायला सांगत नाही, ब्रेक तपासायला सांगतात. मॅडमनी सिस्टरची घरं चौदाची अकरा केली, त्यासाठी वरच्या साहेबांची बोलणी खाल्ली, आणि एक नियम घातला. नोंदींवर दिवस संपताना एकदम सह्या करायच्या नाहीत. त्या त्या घरात, ज्याची नोंद त्याला मोठ्याने वाचून दाखवायची, तो हो म्हणाला की मग. थांबलेल्या यादीचं काय, हा प्रश्न त्यांनी मिस्त्रींना विचारला होता. त्याचं उत्तर मिस्त्रींकडे नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं.

पहिल्या भेटीत सिस्टर पट्टी झाल्यावर उठल्या नाहीत. स्टुलावर बसल्या, ज्या स्टुलाचा पाय मिस्त्रींनी आठवड्यापूर्वी बांधला होता. मिस्त्री काठी टेकत चहा घेऊन आले, तोवर त्यांनी फोनवर नोंदीचा मसुदा उघडला होता.

"वाचा," ते म्हणाले.

"जखम अडीच सेंटिमीटर, कडा लाल, वास नाही. साखर जास्त."

"ते वगळता येईल का?"

"नाही. पुढे. पत्नी हयात नाही."

मिस्त्रींनी मान हलवली. मग कपबशी खाली ठेवली.

"रुग्ण दिवंगत पत्नीशी बोलतो. ती गेल्याची त्याला पूर्ण जाणीव आहे. भ्रम नाही." सिस्टरनी वर पाहिलं. "हे मी घातलंय, यंत्राने नाही."

"चांगलं लिहिता. पुढे?"

"पत्नी ऐकत नाही व उत्तर देत नाही. हे यंत्राचं."

"थांबा," मिस्त्री म्हणाले. "उत्तर देत नाही, हे कबूल. मी स्वतः फोन धरून पाहिलंय. पण ऐकत नाही, हे कुणी तपासलं?"

सिस्टरचं बोट फोनवर अधांतरी राहिलं. मिस्त्री मस्करीत नव्हते.

"मग काय लिहू काका?"

"जे आहे ते. ऐकते की नाही, तपासलेलं नाही."

सिस्टरनी आधीचं खोडलं, तसं लिहिलं, पुन्हा एकदा मोठ्याने वाचून दाखवलं, स्वयंपाकघराकडे तोंड करून जरा जास्तच मोठ्याने, आणि मग सही केली.